मंत्राची किंमत किती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कुठलाही खेळ खेळायचा तर आधी नियम ठरवावे लागतात. गल्लीतलं क्रिकेटही त्याला अपवाद नाही. समोरच्या गच्चीत चेंडू गेला तर आउट की सहा धावा, एक टप्पा कॅच धरायचा की नाही, हे आधी ठरलेलं बरं. नाहीतर दुसऱ्याच षटकात भांडण ठरलेलं. आज ज्या खेळाबद्दल बोलायचं आहे, त्यात चेंडू नाही, बॅट नाही, पट-सोंगट्या नसल्या तरी चालतं. टेबलाभोवती बसलेली चार-पाच माणसं, थोडे फासे, कागद, पेन्सिल आणि गप्पा एवढ्या भांडवलावर हा खेळ उभा राहतो. पण त्याची नियमपुस्तकं पाहिलीत तर थक्क व्हाल. काही तर तीन-चारशे पानांची असतात, आणि अशी पुस्तकं एकदोन नव्हेत, शेकड्यांनी आहेत. मग त्यातलं कुठलं घ्यायचं? आणि त्यानं एवढा काय फरक पडतो?

या खेळाला 'टेबलटॉप रोल प्लेइंग गेम' म्हणतात. कॉलेजातली मुलं थोडक्यात 'आरपीजी' म्हणतात. खेळणाऱ्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, "आता तू काय करतोस?" खेळाडू उत्तर देतो. गोष्ट साधी असली, तर ती घडली असं धरायचं. होईल की नाही अशी शंका असली, तर फासे टाकायचे. म्हणजे हे एक संहिता नसलेलं नाटक, आणि पुढचा अंक कसा जाणार हे सूत्रधारालाही ठाऊक नाही. एक बैठक तीन-चार तास चालते. पुढच्या रविवारी तीच पात्रं, तीच गोष्ट पुढे सुरू. अशी गोष्ट महिनोन्‌महिने चालते. तिला 'कँपेन' म्हणतात, आपण तिला मालिका म्हणू.

या प्रकारचा छापून विकला गेलेला पहिला खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली आणला. त्यांना नाद होता तो शिशाच्या सैनिकांनी टेबलावर लढाया खेळण्याचा. त्या लढायांतूनच हा खेळ निघाला. त्यामुळे त्यातलं जग मध्ययुगीन होतं: तलवारी, किल्ले, भुयारं, ड्रॅगन आणि लांब दाढीचे जादूगार.

पुढे वाचकांची आवड बदलली. जादू घोड्यावरून उतरली आणि बसच्या रांगेत येऊन उभी राहिली. जिम बुचर या अमेरिकन लेखकाच्या 'द ड्रेस्डेन फाइल्स' या मालिकेतली पहिली कादंबरी २००० साली आली. तिचा नायक आजच्या शिकागोत राहणारा जादूगार आहे आणि टेलिफोन डिरेक्टरीत त्याची रीतसर नोंद आहे. बेन आरोनोविच या ब्रिटिश लेखकानं २०११मध्ये 'रिव्हर्स ऑफ लंडन' लिहिली. तिच्यात लंडनच्या पोलीस दलातला एक तरुण शिपाई तपासाबरोबर मंत्रविद्याही शिकतो. जग हेच, आपलंच. फक्त त्याच्या अस्तराला जादू शिवलेली. असं जग घेऊन खेळावं असं कुणालाही वाटेल. आणि नेमकी इथेच नियमांची निवड अवघड होते.

अवघड का? मध्ययुगीन जगात जादूगाराला स्पर्धा नसते. आजच्या जगात असते. आगीचा गोळा फेकणाऱ्या मांत्रिकासमोर पिस्तूल घेतलेला माणूस उभा आहे. दूरदृष्टीच्या मंत्रासमोर मोबाइल आहे. अदृश्य व्हायचं तर चौकात कॅमेरा आहे. शिवाय इतकी जादू जगात आहे, तर ती वर्तमानपत्रात कशी आली नाही, याचंही उत्तर हवं. आणि पात्रांना नोकरी आहे, घरभाडं आहे, पोलीस आहेत. ड्रॅगन मारून गावाबाहेर निघून जाण्याची सोय इथे नाही.

बरेच नवखे खेळाडू समजतात की नियम म्हणजे नुसती हत्यारं. पाना कुठलाही घ्या, नट फिरतोच. या खेळात तसं होत नाही. नियम बदलले की गोष्टच बदलते. एक उदाहरण घेऊन पाहू. प्रसंग एकच ठेवू आणि नियम बदलत जाऊ.

जानेवारीची रात्र. शिकागोतली एक जुनी, उंच इमारत. चौदाव्या मजल्यावर लिफ्ट अडकली आहे आणि आत एक वृद्ध गृहस्थ आहेत. जिन्यातून काहीतरी वर येतं आहे, आणि ते माणूस नाही. लिफ्टबाहेर उभी आहे रोझा: दिवसा ग्रंथालयात नोकरी, रात्री मंत्रविद्येचा अभ्यास. रोझाची भूमिका करणारी मुलगी सूत्रधाराला म्हणते, "मी मंत्रानं लिफ्टचं दार उघडते." आता पुढे?

आधी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तिथे मंत्रांची यादी असते, आणि यादीत अडकलेलं दार उघडण्याचा मंत्रही आहे. रोझानं तो तयार ठेवला असेल आणि त्या पातळीचा एक मंत्र टाकण्याइतकी शिल्लक तिच्याकडे असेल, तर दार उघडलं. फासा टाकायलाच नको. फक्त ठोठावल्याचा आवाज तीनशे फुटांपर्यंत जातो, म्हणजे जिन्यातल्या त्या प्राण्यालाही पत्ता लागतो. वापरलेली शिल्लक भरून यायला मात्र रात्रभराची विश्रांती लागते. ही जादू खात्रीची, पण मोजून दिलेली, रेशनच्या साखरेसारखी. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातून आली. त्यातले जादूगार मंत्र पाठ करतात आणि एकदा उच्चारला की तो विसरतात.

ही पद्धत भुयारात छान चालते. शहरात ती थोडी अडते. कारण इथे पात्रं पायरी पायरीनं बलवान होत जातात. विसाव्या पायरीवरचा योद्धा पिस्तुलाच्या एकदोन गोळ्यांना भीक घालत नाही. आजच्या शिकागोत ते पटत नाही. याच कंपनीनं २००२ साली 'डी-ट्वेंटी मॉडर्न' आणि पुढच्या वर्षी 'अर्बन आर्केना' ही आधुनिक जगासाठीची पुस्तकं काढली. त्यात एकाच घावात फार नुकसान झालं तर मोठा योद्धाही कोसळू शकेल, असा नियम कडक करून घ्यावा लागला. भुयाराचा अंगरखा शहराच्या मापाला आणायचा म्हटलं की अशी शिलाई लागतेच.

दुसरा खेळ 'गर्प्स', १९८६ सालचा, स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीचा. एकच नियमावली कुठल्याही काळाला आणि जगाला लावता यावी, ही त्याची प्रतिज्ञा. इथे मंत्र हे कौशल्य असतं, सुतारकाम किंवा मोटार चालवण्यासारखं. लुडोतले असतात तसे तीन फासे टाकायचे आणि बेरीज आपल्या कौशल्याइतकी किंवा कमी आली की काम झालं. शिवाय शरीराची ताकद खर्च होते; मंत्र म्हटला की दम लागतो. रोझाचं कौशल्य १२ धरा. तीन फाशांची बेरीज १२ किंवा कमी येण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के, म्हणजे चारात तीनदा दार उघडेल. पण सूत्रधारानं आधीच ठरवलं असेल की आजच्या जगात जादूचा झरा आटलेला आहे, तर नियमानुसार कौशल्यातून ५ वजा होतात. १२चे झाले ७. ७ किंवा कमी येण्याची शक्यता जेमतेम १६ टक्के. त्या गृहस्थांचं नशीब सूत्रधाराच्या एका ओळीनं फिरलं! या खेळात जगाचं हवामान असं आकड्यात मांडता येतं, हे त्याचं बळ. आणि आकडे मांडत बसावं लागतं, ही त्याची अडचण.

या खेळासाठी १९९८मध्ये 'टेक्नोमॅन्सर' नावाचं पुस्तक निघालं. आपल्या वाचकांना त्याची कल्पना ऐकून गंमत वाटेल. १९४५च्या जुलैत अमेरिकेच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. त्या प्रसंगाशी जोडलं गेलेलं ओपेनहायमर यांचं भगवद्‌गीतेतलं वचन प्रसिद्ध आहे. या पुस्तकातल्या काल्पनिक इतिहासात तो स्फोट आणि ते वचन मिळून नकळत एक तांत्रिक विधी पुरा होतो आणि जगात जादू शिरते. मग तिथे जादूचे कारखाने निघतात, सैन्यात मांत्रिक भरती होतात. जादू गुप्त का राहिली, हा प्रश्नच उरत नाही, कारण ती गुप्त नाहीच.

तिसरा खेळ 'मेज: द असेन्शन', व्हाइट वुल्फ या कंपनीचा, १९९३ सालचा. इथे मंत्रांची यादी हा मुख्य आधार नाही. काळ, मन, जड पदार्थ, ऊर्जा, जीवन अशी नऊ क्षेत्रं आहेत. पात्राला त्यातलं जेवढं कळतं, तेवढ्यात बसेल ते काहीही करता येतं. पण या खेळाचं तत्त्वज्ञान असं की वास्तव म्हणजे सगळ्या लोकांनी मिळून धरलेली समजूत आहे. त्या समजुतीला धक्का दिला की वास्तव उलटून फटका मारतं. म्हणून सूत्रधार विचारेल, "दार कसं उघडतेस?" रोझा म्हणाली की जुन्या वायरिंगमध्ये योगायोगानं वीज आली आणि दार सरकलं, तर ते खपून जाईल, लिफ्टमध्ये असं होतंच. ती म्हणाली की पोलादी दार मेणासारखं वितळलं आणि ते कुणी पाहिलं, तर किंमत मोजावी लागेल. जादू लपून का राहते, याचं उत्तर या खेळानं नियमातच बसवलं आहे: तिला लपणंच परवडतं. मात्र योगायोग कुठे संपतो आणि चमत्कार कुठे सुरू होतो, यावर दर बैठकीला वाद झडू शकतो. ज्यांना असा वाद आवडतो त्यांच्यासाठी हा खेळ मेजवानी आहे. ज्यांना आवडत नाही, त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

चौथा 'अननोन आर्मीज', ग्रेग स्टोल्झी आणि जॉन टाइन्स यांचा, १९९८चा. इथे जादू वेडातून येते. एखाद्या गोष्टीचा ध्यास माणसाला इतका लागतो की त्या ध्यासातच शक्ती उतरते. कुणाला पैशाचा, कुणाला दारूचा, कुणाला धोका पत्करण्याचा, कुणाला पुस्तकांचा. आपली रोझा अर्थात पुस्तकवाली. त्या ध्यासापायी तिनं आधी काही केलं असेल तरच तिच्याकडे शक्ती साठलेली असेल. प्रत्येक पंथाला एक पथ्य असतं. ते मोडलं की साठा गेला. शिवाय हिंसा, अनैसर्गिक अनुभव, असहायता, एकटेपणा आणि स्वतःशी प्रतारणा अशी मनावरच्या ताणाची पाच खाती प्रत्येक पात्राच्या नावे असतात. जिन्यातली ती गोष्ट समोर आली की एका खात्यावर नोंद होते. माणूस हळूहळू निर्ढावतो किंवा खचतो. दार उघडलं की नाही, यापेक्षा हे सगळं करून रोझा कोण होत चालली आहे, हा इथला प्रश्न.

पाचवा 'द ड्रेस्डेन फाइल्स' हाच खेळ, बुचर यांच्या कादंबऱ्यांवरून एव्हिल हॅट या प्रकाशनानं २०१०मध्ये काढलेला. यात वेगळ्या तऱ्हेचे चार फासे लागतात. त्यांवर आकडे नसतात; अधिक, उणे आणि कोरं एवढंच. रोझा आधी ठरवते की किती जोराचा मंत्र म्हणायचा. जोर वाढवला तर मनावरचा ताण वाढतो. मग फासे टाकून तो जोर आवरता येतो का ते पाहायचं. आवरला नाही, तर उरलेली शक्ती कुठेतरी जाणारच. ती रोझानं स्वतःच्या अंगावर घ्यायची, की आजूबाजूला सुटू द्यायची? आजूबाजूला म्हणजे लिफ्टमध्ये, आणि लिफ्टमध्ये कोण आहे ते आपल्याला माहीत आहे. एका तांत्रिक नियमातून हा प्रश्न पुढे येतो, आणि टेबल एकदम गप्प होतं. या जगात जादूगाराजवळ आधुनिक यंत्रं नीट चालत नाहीत, तेव्हा लिफ्टचं बिघडणंही कदाचित रोझामुळेच झालं असेल. आणि जादूचे सात कायदे आहेत. मंत्रानं माणूस मारायचा नाही, हा त्यातला पहिला.

सहावी जात थोडी निराळी. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१०च्या खेळातून तिचा उगम झाला. त्याच वळणाचा 'मॉन्स्टर ऑफ द वीक' २०१२ साली आला, आणि शहरातल्या भूत-पिशाच्च-मांत्रिकांच्या राजकारणावरचा 'अर्बन शॅडोज' २०१५ साली. इथे साधे दोन फासे. बेरजेत पात्राचा गुण मिळवायचा. १० किंवा जास्त आले तर काम फत्ते. ६ किंवा कमी आले तर संकट. आणि ७ ते ९ आले तर काम होतं, पण खोट राहते. 'मॉन्स्टर ऑफ द वीक'मध्ये मंत्राची कोणती खोट ते खेळाडूनंच यादीतून निवडायचं असतं: परिणाम कमी पडला, फार वेळ टिकला नाही, स्वतःला इजा झाली, नको त्याचं लक्ष वेधलं गेलं, किंवा भलताच दुसरा परिणाम झाला. रोझाचा गुण २ असेल, तर फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी पंधरांत पूर्ण यश, पंधरांत खोटीचं यश आणि सहांत फजिती. म्हणजे दार बहुतेक उघडणारच. पण उघडताना काय बिघडलं, यावर पुढची गोष्ट चालणार. सूत्रधाराला फासे टाकावे लागत नाहीत आणि तयारीही थोडी पुरते.

पाहिलंत? लिफ्ट तीच, म्हातारे गृहस्थ तेच, रोझा तीच. पण एका खेळात प्रश्न होता शिलकीचा, दुसऱ्यात शक्यतेचा, तिसऱ्यात लपवाछपवीचा, चौथ्यात मनाच्या पडझडीचा, पाचव्यात जबाबदारीचा आणि सहाव्यात परिणामांच्या साखळीचा. प्रत्येक नियमावली एकच गोष्ट आपापल्या परीनं सांगते, ती म्हणजे मंत्राची किंमत कोण भरणार आणि कशात भरणार. नियम निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा. ताकद, वेळ, पैसा, मनःशांती, मैत्री की निरपराध माणसाचा जीव? तुमच्या गोष्टीला शोभणारी किंमत ज्या पुस्तकात आहे, ते पुस्तक तुमचं.

दुसरा प्रश्न: मंत्र यादीतून निवडायचा की जागच्या जागी घडवायचा? यादीचा फायदा असा की वाद होत नाही. तोटा असा की यादीत नसलेलं सुचलं तरी करता येत नाही. मधला मार्ग 'आर्स मॅजिका' या १९८७च्या खेळानं दाखवला. त्यात पाच क्रियापदं आणि दहा नामं आहेत, लॅटिनमधली. निर्माण करणं, जाणणं, बदलणं, नष्ट करणं आणि ताब्यात ठेवणं ही क्रियापदं. अग्नी, जल, मन, शरीर वगैरे नामं. दोन्ही जोडलं की मंत्र तयार. हा खेळ तेराव्या शतकातल्या युरोपात घडतो. पण त्याचं हे व्याकरण आजच्या शहरासाठीही उसनं घेणारे लोक आहेत. बोलघेवड्या मंडळींना जागच्या जागी घडवलेली जादू आवडते; बुजऱ्या किंवा नव्या खेळाडूला यादीचा आधार वाटतो. एकाच टेबलावर दोन्ही प्रकारची माणसं असतील, तर व्याकरणाचा हा मार्ग बरा.

तिसरा प्रश्न फाशांचा. हा गणिताचा आहे, पण घाबरू नका. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकडा येण्याची शक्यता सारखीच, ५ टक्के. म्हणजे निष्णात जादूगारालाही विसातून एकदा सगळ्यात वाईट आकडा पडणारच. तीन साध्या फाशांचं तसं नसतं. त्यांच्या २१६ शक्यता. त्यात तीनही एक्के पडण्याची शक्यता फक्त एक, आणि १० किंवा ११ बेरीज येण्याच्या मिळून ५४. मधले आकडे वारंवार, टोकाचे क्वचित. ड्रेस्डेनच्या चार फाशांतही तसंच: ८१पैकी ५१ वेळा निकाल शून्याच्या एका पायरीच्या आत राहतो. तेव्हा जादू म्हणजे लहरी, बेभरवशाची शक्ती असं तुमच्या मनात असेल, तर एकच मोठा फासा घ्या. जादू म्हणजे शिकून साध्य होणारी विद्या असं असेल, तर अनेक फाशांची बेरीज करणारी पद्धत घ्या. आणि टेबलावर गणिताचा कंटाळा असेल, तर टक्केवारीवरचे खेळ पाहा. केऑसियम या कंपनीचा १९८१चा 'कॉल ऑफ थुलू' त्यातला गाजलेला. त्याच कंपनीनं २०२२मध्ये 'रिव्हर्स ऑफ लंडन'वरही खेळ काढला. कौशल्य ४५ टक्के, म्हणजे शंभरात ४५ किंवा त्याखाली पडलं की जमलं. दहावीचा निकाल वाचता येणाऱ्या प्रत्येकाला हे समजतं.

चौथा प्रश्न सगळ्यात व्यावहारिक: टेबलाशी कोण बसणार आहे आणि त्यांच्याकडे वेळ किती? नोकरी करणाऱ्या पाच मित्रांची रविवारची दुपार एकत्र जमवणं ही आजकाल छोटी जादू नव्हे. त्यातले दोन तास नियम शोधण्यात गेले, तर पुढच्या रविवारी कुणाला तरी अचानक ताप येतो आणि त्याच्या पुढच्या रविवारी कुणाच्या तरी घरी पाहुणे येतात. अशा मालिका बहुतेक वेळा कडाक्याच्या भांडणानं संपत नाहीत. त्या अशाच विरून जातात. कोडी सोडवायची हौस असलेल्याला नाट्यमय खेळात बसवलं आणि नाटकाची हौस असलेल्याला आकडेमोडीला लावलं, की दोघंही चांगले असूनही कंटाळतात. म्हणून पुस्तक विकत घेण्याआधी एक बैठक नुसती बोलण्यासाठी ठेवावी. आपलं शहर कोणतं, जादू कुणाला ठाऊक आहे, गोष्ट भयाची की विनोदाची, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं. ड्रेस्डेनच्या खेळात तर सर्वांनी बसून शहर रचणं हा खेळाचाच भाग आहे.

खर्चाचीही चिंता नको. 'गर्प्स'ची ३२ पानी संक्षिप्त आवृत्ती फुकट मिळते. ड्रेस्डेनचा खेळ ज्या 'फेट' पद्धतीवर उभा आहे, तिचे मूळ नियम मोफत वाचता येतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीची मूळ नियमावली जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली आहे. फासे म्हणाल तर घरातल्या लुडोच्या डब्यातले दोन-तीन पुरे. अधिक-उण्याचे चार फासे नसले, तर साध्या फाशावर १-२ म्हणजे उणे, ३-४ म्हणजे कोरं आणि ५-६ म्हणजे अधिक असं धरा. गणित तंतोतंत तेच राहतं. दोन वेगळ्या पद्धतींनी एकेक दुपार खेळून पाहा. आपल्या लिफ्टसारखा एकच प्रसंग दोन्हीकडे घ्या. कुठल्या वेळी मंडळी खुर्चीच्या टोकाला येऊन बसली, ते नियमपुस्तक वाचून कळत नाही, पण खेळताना लगेच दिसतं.

पालकांसाठी दोन शब्द. १९८०च्या दशकात अमेरिकेत या खेळांवर मोठं काहूर उठलं होतं. मुलं सैतानाच्या नादी लागतात, खेळ आणि खरं यातला फरक विसरतात, असे आरोप झाले. १९८२ साली त्या भीतीवर 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' नावाचा टीव्ही चित्रपटही निघाला. त्यात तरुण टॉम हँक्स होता. भीतीची ती लाट ओसरली आणि ती पिढी आज स्वतःच्या मुलांना फासे शिकवते आहे. पण आपल्याकडे हा खेळ आणताना एक वेगळं भान हवं. शिकागोतल्या जादूगाराची गोष्ट आपल्याला निव्वळ कल्पना वाटते. तीच मालिका महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात नेली, की करणी, भानामती, अंगात येणं हे शब्द येतात, आणि त्या शब्दांपायी खऱ्या माणसांनी मार खाल्ला आहे, संसार गमावले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. तो इतिहास टेबलावर बसलेल्या कुणाच्या घरापर्यंतही पोचलेला असू शकतो.

म्हणून त्या गोष्टी खेळूच नयेत, असं नाही. उलट, भोंदू बाबाचा छडा लावणारी मालिका आपल्याकडे फार रंगेल. फक्त कुठला विषय टेबलावर नको, हे आधी विचारून घ्यावं. परदेशातल्या अनेक गटांत टेबलाच्या मध्ये एक कार्ड ठेवतात, त्यावर इंग्रजी एक्स काढलेला. कुणालाही प्रसंग सहन होईनासा झाला, की त्यानं कार्डाला हात लावायचा. कारण विचारायचं नाही. प्रसंग तिथेच बदलायचा. सहाही नियमावल्यांसोबत वापरता येईल असा हा सातवा नियम आहे, आणि त्याला फासे लागत नाहीत.

पहिली बैठक संपली, फासे डब्यात गेले, चहा झाला, की सूत्रधारानं प्रत्येकाला एकच गोष्ट विचारावी: आजच्या खेळातलं तुला काय आठवतं? कुणी म्हणेल, माझ्याकडे शेवटचा एकच मंत्र उरला होता. कुणी म्हणेल, तिनं तो फटका स्वतःच्या अंगावर घेतला. आणि कुणी म्हणेल, आपण पाऊण तास तक्ता शोधत होतो. या उत्तरांवरून पुढच्या रविवारी कुठलं पुस्तक टेबलावर ठेवायचं ते सहज ठरेल.